बुंगाट, सुसाट, भरधाव

गाडी जोरात चालवणे या एका गोष्टीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत, ते एकदा बोटांवर मोजून बघा. पळवणे, ताणणे, हाणणे, दामटणे, पिटाळणे, उडवणे. गाडी कशी गेली? सुसाट. गडी कसा सुटला? बुंगाट. आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तीच गाडी 'भरधाव' होते. हळू चालवण्यासाठी मात्र 'हळू', 'सावकाश' आणि फार तर 'रमतगमत'. त्यातलेही पहिले दोन आपण बहुतेक वेळा दुसऱ्याला सांगण्यासाठी वापरतो.

एखाद्या गोष्टीला भाषा इतके शब्द देते, तेव्हा ती गोष्ट माणसांना फार आवडत तरी असते किंवा फार भिववत तरी असते. वेगाच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. म्हणून हे शब्द जरा उलगडून बघायचे आहेत. ते उलगडताना एक प्रश्न सोबत घेऊ: एक जण शहरातून बुंगाट गाडी चालवत घरी आला. कुणाला धडकला नाही, कुणाला खरचटलंही नाही. त्याने काही चूक केली का?

कायद्याचं उत्तर सोपं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ नुसार वेगमर्यादा ओलांडली की गुन्हा, कुणाला लागलं असो वा नसो. पण आपण कायद्याबद्दल बोलत नाही आहोत. कॅमेरा नव्हता, पोलीस नव्हता, पावती आली नाही. तरीही काही चुकलं का?

-आट

मराठीत आवाजाच्या शब्दाला '-आट' लावायची जुनी सवय आहे. गडगड करतो तो गडगडाट, कडकड होतो तो कडकडाट. खणखणाट, दणदणाट, किलबिलाट, गोंगाट. आधी कानावर काहीतरी पडतं, मग त्याला '-आट' लागतो आणि तो आवाज सगळीकडे भरून जातो.

सुसाट याच घरातला. मुळात तो वाऱ्याचा शब्द. सूं सूं करत जाणारा वारा सुसाट वाहतो. भन्नाटही वाऱ्याचाच, भणभणणाऱ्या मोकळ्या माळावरचा. पुढे तो वाऱ्यावरून माणसांवर आला, आणि आता मिसळही भन्नाट असते आणि सिनेमाही. २०१६ साली 'सैराट'मधल्या गाण्याने 'झिंगाट' घराघरात नेला, तोही याच साच्यातला: झिंग आणि आट.

बुंगाट हा या घरातला वांड पोरगा. पश्चिम महाराष्ट्रात तो विशेष ऐकू येतो. "बुंगाट आलो, वीस मिन्टात." हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. ओठ मिटून 'बुं' फुटतो, मग नाकात घुमतो, आणि शेवटी 'ट'वर जीभ टाळूला आपटून थांबते. एक्सलेटर पिळल्यावर इंजिन आधी गुरगुरतं आणि मग सुटतं, त्याचं हे तोंडाने केलेलं रेकॉर्डिंग आहे. भुंगा ज्या जातीचा आवाज करतो त्याच जातीचा.

या शब्दांत आकडा नसतो. "ऐंशीने आलो" हे मोजमाप झालं, "बुंगाट आलो" ही अवस्था झाली. झिंगाटमध्ये किती पेग झाले ते सांगितलेलं नसतं, तसंच. '-आट'च्या शब्दांत माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होत असतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. हे शब्द कुणाच्या कानाने ऐकलेले आहेत? बाइकवर बसलेल्याच्या कानातही वारा घुमतो, पण तो सारखा एकाच सुरात घुमतो. लांबून येणारा, जवळ येताना चढ्या सुरातला आणि पुढे निघून गेल्यावर एकदम उतरणारा 'सूंऽऽई' फक्त रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतो. क्रिस्टियान डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला परिणाम तो हाच. बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी त्याची गणितं सोडवली आहेत. आवाजाची ही पट्टी बदलते ती ऐकणारा आणि गाडी यांच्यातलं अंतर बदलत असतं म्हणून. चालवणारा गाडीसोबतच जात असतो, त्याला ती ऐकूच येत नाही.

म्हणजे 'बुंगाट आलो' असं सांगतो तो चालवणारा, आणि 'सुसाट गेला बघ' असं म्हणतो तो बाजूला सरकलेला. वेग एकच, पण त्याला दोन जागांवरून पाहिलेलं आहे. आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच दडलंय असं मला वाटतं. चालवणारा ज्याला 'माझा वेग' म्हणतो, तो कुणाच्या तरी शेजारून गेलेला असतो.

बैल, घोडा आणि एक्सलेटर

आता क्रियापदांकडे या. हाणणे म्हणजे मारणे. दामटणे म्हणजे जोर लावून पुढे रेटणे. 'आपलंच घोडं पुढे दामटणे' हा वाक्प्रचार मीटिंगमध्ये बसणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. पिटाळणे म्हणजे मागे लागून पळायला लावणे. ताणणे म्हणजे तुटेल की काय इतकं ओढणे. आणि पिळणे हे क्रियापद आपण एरवी ऊस, ओले कपडे आणि लहान मुलांचे कान यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

ही सगळी क्रियापदं गाडीच्या आधीची आहेत. ती बैलाच्या आणि घोड्याच्या काळातून आली. तेव्हा वेग हवा असेल तर कुणाला तरी हाणावं लागायचं, आणि ज्याला हाणलं तो समोर दिसायचा. त्याला फेस यायचा, तो धापा टाकायचा, अडून बसायचा. वेगाची किंमत कोण देतंय हे विचारायची गरजच नव्हती.

जुन्नर, आंबेगाव, खेडच्या बैलगाडा घाटात आजही ही भाषा जिवंत आहे. 'भिर्रर्र' अशी आरोळी उठते, भंडारा उधळतो आणि काही सेकंदांत बारी संपते. या काही सेकंदांवरून आपल्याकडे नऊ वर्षं कोर्टात वाद चालला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तुमची बाजू कुठलीही असो, वाद कशावर होता ते बघा. मजा आणि परंपरा माणसाची, पण पळताना त्रास होतो तो बैलाला. मग हा सौदा योग्य आहे का?

हा प्रश्न आपण बैलासाठी नऊ वर्षं विचारला. मोटारसायकलसाठी विचारत नाही, कारण तिथे हाणलं जातं ते लोखंडाला. इंजिनाला दुखत नाही. बैल गेला तशी वेगाची किंमतही गेली, असं आपण मनोमन धरून चाललो.

ती गेलेली नाही. तिने फक्त पत्ता बदलला.

दहा किलोमीटरचा हिशोब

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे एवढं गणित सहन करा. दहा किलोमीटर जायचंय. ताशी २० ने अर्धा तास लागतो. ४० ने १५ मिनिटं. ६० ने १० मिनिटं. ८० ने साडेसात मिनिटं. पहिल्यांदा वेग २० ने वाढवला तेव्हा १५ मिनिटं वाचली, दुसऱ्यांदा ५, तिसऱ्यांदा अडीच. वेग वाढेल तसा फायदा आटत जातो. आणि ती शेवटची अडीच मिनिटं शहरातले दोन सिग्नल सहज गिळून टाकतात.

आता दुसरी बाजू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४० चे ८० केले तर ती दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० ची धडक ही साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी, आणि ८० ची आठव्या मजल्यावरून.

याहून भेदक हिशोब ब्रेकचा आहे. समोर कुणीतरी आलं हे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू, आणि रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी ४० वाला त्या सेकंदात ११ मीटर जातो, पुढच्या दहा मीटरमध्ये थांबतो. एकूण २१ मीटर. ताशी ८० वाला त्याच एका सेकंदात २२ मीटर गेलेला असतो. म्हणजे ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसऱ्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नसतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक थोड्या वेगाचा नाही. एका गाडीने त्याला शिवलंही नाही, आणि दुसरी पूर्ण ऐंशीने आली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीच्या पुढच्या बाजूची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ पर्यंत जाताना साडेचार पट होतो. स्पीडोमीटरवर तो काटा बोटभरही सरकत नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे कारण लिहिलंय: अतिवेग. आणि मेलेल्यांमध्ये जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. तो कुठेच बुंगाट निघालेला नव्हता.

म्हणून "माझा जीव, माझी मर्जी" हा युक्तिवाद मला पटत नाही. जीव तुझा असेल, पण ते २२ मीटर तुझे नाहीत. आपल्या रस्त्यांवरच्या पाट्याही या बाबतीत थोड्या चुकतात. 'अति घाई संकटात नेई.' 'घरी कुणीतरी वाट पाहत आहे.' दोन्ही पाट्या चालवणाऱ्याला त्याच्याच जिवाची भीती घालतात. पण बावीस-तेवीसच्या वयात स्वतःच्या मरणाची भीती वाटत नसते, उलट ते मरण जरा देखणंच दिसतं. दुसऱ्याच्या घरी जी वाट पाहिली जातेय, तिच्याबद्दल बोलणारी पाटी फारशी दिसत नाही.

"काय होत नाय"

मागे बसलेला म्हणतो, "हळू घे ना." पुढून उत्तर येतं, "काय होत नाय रे." हे आपल्या तरुणाईचं सगळ्यात लोकप्रिय तत्त्वज्ञान आहे, आणि तत्त्वज्ञान म्हणूनच ते तपासायला हवं.

त्याच्या मागे एक अनुमान आहे: आजवर शंभर वेळा असा आलो, काही झालं नाही, म्हणून आजही होणार नाही. बर्ट्रांड रसेलने १९१२ च्या एका पुस्तकात या अनुमानाची चेष्टा केली आहे. एका कोंबडीला मालक रोज दाणे टाकतो. रोजच्या अनुभवावरून ती ठरवते की हा माणूस दिसला की दाणे मिळतात. एके दिवशी तोच माणूस तिची मान पिरगळतो. कोंबडीचा डेटा चुकीचा नव्हता. त्या डेटात ज्या दिवसाचं उत्तर नव्हतं, तो दिवस उगवला.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार रोजच्या ओळखीचा आहे. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असं होत नाही. तिथे निदान टेस्ट सर्व्हर असतो, बिघडलं तर मागे जाता येतं. रस्त्यावर पहिली टेस्टही लाइव्हच असते.

पण अवघड भाग इथून पुढे आहे. समजा दोन मित्र एकाच रात्री, एकाच रस्त्याने, एकाच वेगाने गेले. पहिला घरी पोचून झोपला. दुसऱ्याच्या समोर एक आजोबा आले. दोघांनी अगदी तेच केलं, फरक फक्त आजोबा कधी रस्ता ओलांडायला निघाले याचा. तरी आपण एकाला मारेकरी म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी या कोड्यावर एकाच नावाचे निबंध लिहिले. नैतिक नशीब असं त्या नावाचं मराठी करता येईल. दोघांनीही उदाहरण ट्रक ड्रायव्हरचंच घेतलं, हा योगायोग नसावा. नशिबाने आपण चांगले किंवा वाईट ठरतो, हे पटत नाही. आणि प्रत्यक्षात आपण तसंच वागतो. कायदासुद्धा. वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड, आणि त्याच निष्काळजीपणातून माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद.

मला वाटतं, इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. 'काय घडलं' आणि 'काय केलं'. घडलं त्याचं ओझं दुसऱ्या मित्रावर जास्तच असणार, आणि ते त्याला आयुष्यभर वाहावं लागेल. पण केलं ते दोघांनी सारखंच. दोघांनीही त्या आजोबांचा जीव, त्यांना न विचारता, पणाला लावला. पहिला डाव जिंकला म्हणून त्याने पणाला लावलेली गोष्ट त्याची स्वतःची होती असं होत नाही. शेजाऱ्याचे दागिने मटक्यावर लावून, जिंकून, सकाळच्या आत परत जागेवर ठेवले, तर शेजाऱ्याचं काही गेलं नाही. तरी आपण त्याला चोरीच म्हणू. बुंगाट घरी पोचलेल्या माणसाने काय चूक केली, याचं माझं उत्तर हे आहे.

घोडा कोण, स्वार कोण

मात्र हे उत्तर घेऊन सगळ्यांना एकाच मापाने मोजायला निघालो, तर अन्याय होईल. रस्त्यावर बुंगाट जाणारा प्रत्येक जण मजेसाठी जात नसतो.

रात्री साडेनऊला पाठीवर चौकोनी बॅग घेऊन, उलट्या दिशेने, कट मारत जाणारा मुलगा बघा. त्याला चिप्सचं पाकीट दहा मिनिटांत पोचवायचंय. घाई त्याची नाही. घाई स्क्रीनवर आहे, आणि स्क्रीनवर ती माझ्यासारख्याच कुणीतरी मांडलेली आहे. मिनिटं उलटी मोजणारा तो टायमर बनवणं हे दुपारभराचं काम असतं, आणि ते करताना समोर रस्ता नसतो, फक्त आकडे असतात. सरासरी वेळ कमी झाली की आलेख हिरवा होतो. सरासरीत वळणावरची खडी दिसत नाही.

इथे 'दामटणे' हे जुनं क्रियापद पुन्हा कामाला येतं. घोडा दामटला जातो तेव्हा दामटणारा आणि दामटला जाणारा वेगळे असतात. या मुलाच्या बाबतीत कोण कुठे आहे? गाडीवर तो आहे म्हणून तो स्वार वाटतो. पण त्याला धाप लागते, दंड त्याला होतो, पडला तर हाड त्याचं मोडतं. त्याच्या पाठीवर बसलेले आपण आहोत, सोफ्यावरून 'अजून कसा आला नाही' म्हणून नकाशावरचा ठिपका बघणारे. त्या मुलाचा दोष शून्य होतो असं मी म्हणत नाही; चौकातल्या आजोबांना त्याच्या अडचणीशी देणंघेणं नाही. पण दोषाची वाटणी करताना आपलं नाव यादीत हवं.

सुटणे

शेवटचा शब्द, आणि माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाचा: सुटणे. गाडी सुसाट सुटते. गडी बुंगाट सुटतो. हेच क्रियापद शाळा सुटण्यात आहे, सुटकेत आहे. वेग आवडतो तो म्हणूनच. दहा तास कॉलवर बसून, ईएमआयचा मेसेज वाचून, घरून आलेला 'लग्नाचं काय ठरलं' हा फोन घेऊन माणूस रात्री बाइक काढतो, तेव्हा त्याला कुठे पोचायचं नसतं. त्याला सुटायचं असतं. त्या दहा मिनिटांत डोक्यात दुसरं काही येऊच शकत नाही, आणि हे सुख खोटं नाही. जे लोक तरुणांना वेगाबद्दल उपदेश करतात, ते बहुतेक वेळा हे सुख मान्यच करत नाहीत, आणि म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही.

पण पेपरातली बातमी वाचा. 'भरधाव गाडीने पादचाऱ्याला चिरडले.' वाक्यात माणूसच नाही. गाडीने चिरडलं, जशी गाडी स्वतः निघाली होती. आणि चालक आलाच तर असा येतो: 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' तेच क्रियापद. रात्री साडेअकराला गडी बुंगाट सुटला, पावणेबाराला ताबा सुटला. पहिल्या वाक्यात मजा आहे, दुसऱ्यात प्रेत आहे, आणि व्याकरण दोन्हीकडे एकच: कुणी काही केलं नाही, सगळं आपोआप झालं.

मराठीत अशा जोड्या आहेत. तुटणे आणि तोडणे. फुटणे आणि फोडणे. सुटणे आणि सोडणे. कप फुटला की फोडला, यातला फरक लहानपणी आईने आपल्याला नीट शिकवलेला असतो. '-आट'चे शब्द आणि 'सुटणे' मिळून हा फरक पुसून टाकतात. झिंगाटसारखंच बुंगाटही आपल्याला 'होतं', आणि जे आपल्याला होतं त्याचा जाब कोण देणार?

मला बुंगाट हा शब्द आवडतो, तो कुणी वापरू नये असं अजिबात म्हणायचं नाही. मोकळा, आखलेला ट्रॅक असेल, पुढे कुणी नसेल, तर तिथे खुशाल बुंगाट व्हावं. वस्तीच्या रस्त्यावर मात्र क्रियापद बदलून बघावं. ताशी ४० च्या रस्त्यावर काटा ८० वर गेला त्या क्षणीच ताबा सोडलेला असतो, कारण २२ मीटरच्या आत कुणीही आलं तरी आता आपल्या हातात काही नाही. पुढे पंधरा मिनिटांनी तो 'सुटला' असं पेपर लिहील किंवा लिहिणार नाही, तो भाग नशिबाचा. सोडला कधी आणि कुणी, हे चालवणाऱ्याला तेव्हाच माहीत असतं.